गझलेच्या घरात गिटार

हरिहरन वाया गेला, असा निकाल आमच्या ओसरीवर १९९६ साली लागला होता. मी तेव्हा दहावीत. जिंतूर पडले जुन्या निजामी मुलखातले. उर्दू गझलेची गोडी इथे बाहेरून आणावी लागत नाही. ‘गमन’मधली जयदेवांची गझल आणि झाकिर हुसेनांच्या तबल्यासह निघालेला ‘हाजिर’ आमच्या अण्णांना तोंडपाठ. आणि तोच गवई लेस्ली लुईस या जाहिरातींची गाणी बांधणाऱ्या गिटारवाल्याशी जोडी जमवून ‘कलोनिअल कझिन्स’ म्हणून उभा राहिला! ‘एमटीव्ही अनप्लग्ड’वर झळकलेली ही पहिली भारतीय जोडी. अण्णांना त्याचे काय? “घर सोडलं बघ यानं,” म्हणाले आणि कॅसेट माझ्याकडे सरकवली.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत ती सापडली. टेपरेकॉर्डर केव्हाच मोडीत गेला, तेव्हा तीच गाणी मुलीच्या मोबाइलवर ऐकली. अण्णांचा निकाल फिरवावा लागतो. पण पुरता नव्हे.

‘कृष्णा नी बेगने’ घ्या. पद कानडी, व्यासतीर्थांचे. त्यांचे शिष्य पुरंदरदास, ज्यांची मुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’. म्हणजे हे गाणे आपल्या पंढरीच्या वाटेवरचेच म्हणायचे! बाळकृष्णाला ‘लवकर ये’ म्हणून घातलेली ती साद. गझलेत एखाद्या शब्दापाशी हरिहरन ज्या सबुरीने रेंगाळतो, तीच सबुरी या हाकेत आहे. मुरकी घेतो, पण मिरवत नाही. लुईसची गिटार खालून नुसती वाट धरून चालते. मध्येच इंग्रजी कडवी येतात आणि त्याच देवाला कोणत्याही धर्माच्या नावाने परत ये म्हणून विनवतात. मुंबईची दंगल होऊन तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. ती हाक मला उसनी वाटत नाही.

‘सा नि ध प’ तर नावाप्रमाणे सरगमवरच उभे. तिथेही गवई आपल्या घरात आहे.

पण जिथे सबंध इंग्रजी ओळी गळ्यात येतात, तिथे गाडी अडते. त्या भाषेचे तोडून उच्चारायचे शब्द या गळ्याला मींड घेऊ देत नाहीत; मग उरतो चांगल्या आवाजातला सदुपदेश. तो काय, आम्ही मास्तर मंडळी रोजच करतो!

अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. ‘कृष्णा’ संपले तेव्हा काहीच बोलले नाहीत. पुढचे इंग्रजी गाणे लागले, तशी नातीला म्हणाले, “बाई, मागचंच लाव की पुन्हा.”