आधी मोर्चा, मग मत?

समजा, तुमच्या प्रस्तावाचा प्रश्न असा आहे: राजकारणाच्या वाटेला कधीच न गेलेले परंपरावादी लोक सामाजिक बदलाविरुद्ध रस्त्यावर का उतरतात? पहिलं उत्तर लगेच सुचतं. मतं कडवी असतात, म्हणून! ते लिहून टाकण्याआधी झियाद मन्सन यांचं ‘द मेकिंग ऑफ प्रो-लाइफ ॲक्टिव्हिस्ट्स’ (२००८) वाचा.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने अमेरिकेत गर्भपाताला घटनात्मक संरक्षण मिळालं (२०२२ मध्ये ते गेलं). निकालाविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत घर सांभाळणाऱ्या, राजकारणाचा अनुभव नसलेल्या बायका बऱ्याच होत्या. कॅलिफोर्नियातल्या कार्यकर्त्यांवरच्या १९८४ च्या पुस्तकात क्रिस्टिन लूकर यांनी म्हटलं, की हा वाद फक्त गर्भाचा नाही, मातृत्वाच्या प्रतिष्ठेचाही आहे. जिने सगळं आयुष्य आईपणावर उभं केलं, तिला आपल्या जगण्याचंच मोल कमी झाल्यासारखं वाटलं.

पटतं ना? पण मग तशाच घरातल्या, तशाच मतांच्या असंख्य बायका घरीच का राहिल्या?

मन्सन यांचं बळ इथे आहे. चार शहरी भागांत त्यांनी कार्यकर्त्यांबरोबर चळवळीत न आलेल्यांशीही बोलून घेतलं. त्यांना दिसलं ते असं: पहिल्यांदा गेले तेव्हा कार्यकर्त्यांपैकी जवळपास निम्मे ठाम गर्भपातविरोधी नव्हतेच, काही तर उलट बाजूचे होते. कुणी ओळखीच्याने बोलावलं, म्हणून गेले. तेही आयुष्याच्या वळणावर: नवं शहर, कॉलेज, लग्न, मूल. जुना दिनक्रम मोडलेला, ओळखी नव्या. मत पक्कं झालं ते जाता-येता.

माझे आक्षेप दोन. एक, या सगळ्या आठवणी आहेत. ‘आधी मी भरकटलो होतो, मग डोळे उघडले’ हा चर्चमधल्या साक्षीचा ठरलेला साचा आहे. त्या साच्यात बोलणारा माणूस आपलं जुनं मत होतं त्याहून वेगळं सांगू शकतो. दोन, आमंत्रण हवेतून येत नाही. ते कुणापर्यंत पोचेल हे कुटुंब, चर्च, शेजार आधीच ठरवतात. म्हणजे पुढच्या दारातून बाहेर काढलेल्या लूकर मागच्या दाराने आत येतातच!

तरीही पद्धत उचलण्यासारखी आहे. तुमच्या नमुन्यात न आलेले लोक घ्या. मुलाखतीत ‘का आलात?’ नंतर विचारा. आधी ‘पहिल्यांदा कुणाबरोबर आलात?’ हे विचारा. ‘का’ विचारलं की लोक भूमिका सांगतात, ‘कुणाबरोबर’ विचारलं की घडलेलं सांगतात.

आणि ‘हे लोक नादी लागले’ असं कृपया लिहू नका. ओळखीतून येणं म्हणजे फसणं नव्हे. तुम्ही स्वतः पहिल्या मोर्च्याला कुणाबरोबर गेला होतात, आठवून बघा.