खुले मानक आणि बंद ध्वनी : आकाशवाणीच्या अंकीय प्रक्षेपणासंबंधी एक परामर्श

अंकीय नभोवाणीविषयीच्या चर्चेत 'खुले मानक' हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची आवश्यकता फारशी कोणास वाटत नाही. आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी 'डिजिटल रेडिओ मोंदियाल' अर्थात डीआरएम ही पद्धती स्वीकारून ३५ प्रक्षेपक उभारले. या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा एक प्रमुख दावा तिच्या खुलेपणाचाच आहे. तो कितपत टिकतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील श्रोत्यास त्याचे मोल काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

हा प्रदेश उदाहरणादाखल निवडण्यास कारण आहे. चंद्रपूरला आकाशवाणीचे एफएम केंद्र आहे. परंतु एफएम लहरी प्रायः सरळ रेषेत जात असल्यामुळे भामरागड-एटापल्लीकडील डोंगररांगा त्यांना आडव्या येतात. मध्यम लहरी भूपृष्ठालगत दूरवर पोचतात. शिवाय डीआरएममध्ये एकाच संकेतातून चारपर्यंत सेवा पाठविता येतात. म्हणजे मराठीच्या जोडीने माडिया वा गोंडी भाषेतील कार्यक्रमास स्वतंत्र स्थान देणे तत्त्वतः शक्य होते. मात्र मध्यम लहरींची वाट अरुंद असते. तिच्यातून अनेक आवाज न्यावयाचे तर ध्वनीचे कठोर संपीडन केले पाहिजे. बोलणे आणि संगीत या दोहोंना एकाच पद्धतीने अल्प जागेत बसविणारी 'एक्सएचई-एएसी' ही संकेतनपद्धती २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली व २०१४ साली डीआरएममध्ये समाविष्ट झाली. ती पेटंटांनी बद्ध आहे. माडियासाठी जागा मोकळी करणारे साधन आणि कुलूपबंद साधन एकच आहे, हा या प्रश्नातील खरा पेच होय.

'खुले' या विशेषणाखाली तीन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली, मानकाचा दस्तऐवज. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने तो प्रसिद्ध केला असून कोणासही विनामूल्य वाचता येतो. दुसरी, तदनुसार रचलेली संगणक-आज्ञावली. तिसरी, ती आज्ञावली वापरण्याची व वाटण्याची अनुज्ञा. पहिलीवरून तिसरीचे अनुमान काढणे हा तर्कदोष आहे.

'ड्रीम' या मुक्तस्रोत आज्ञावलीचा इतिहास याचा उत्तम दाखला आहे. डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात फोल्कर फिशर व आलेक्झांडर कुर्पिअर्स यांनी २००१ च्या सुमारास तिची रचना आरंभिली. डीआरएम संकेत ओळखणे, त्यातील चुका दुरुस्त करणे, सेवा वेगळ्या करणे ही सर्व कामे ती करते. अखेरची पायरी, म्हणजे संपीडित ध्वनी पुन्हा ऐकू येईल असा करणे, तेवढी बाहेरच्या ग्रंथालयावर सोपविलेली आहे. ते ग्रंथालय वापरणाऱ्यास पुष्कळदा स्वतः मिळवून जोडावे लागते. एक्सएचई-एएसीसाठी फ्राउनहोफर संस्थेची 'एफडीके-एएसी' उपलब्ध आहे व तिचा स्रोतही वाचता येतो. परंतु तिच्या अनुज्ञापत्रातच पेटंटांचा हक्क दिलेला नाही असे स्पष्ट म्हटले आहे. आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते ते अनुज्ञापत्र 'ड्रीम'च्या जीपीएल अनुज्ञापत्राशी विसंगत आहे. २०२४ साली 'एफएफएमपेग'मध्ये एक्सएचई-एएसीचा स्वतंत्र विसंकेतक आला, त्यामुळे हे दुसरे बंधन सैल झाले. पहिले तसेच राहिले.

गडचिरोलीच्या वाचकास हा भेद नवा वाटू नये. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर वनाचा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. त्यात बांबूही आला. तथापि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याच्या हाती राहिल्याने तोडलेला बांबू गावाबाहेर नेता येईना. २७ एप्रिल २०११ रोजी परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले, तेव्हा कोठे हक्काला अर्थ आला. स्रोत हाती आहे पण पेटंटाची अनुज्ञा नाही, ही अवस्था परवान्यावाचूनच्या बांबूसारखी आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(के) केवळ संगणक-आज्ञावलीस पेटंट नाकारते, असा पहिला. पण 'केवळ' या शब्दातच सारे आहे. तांत्रिक परिणाम साधणारा शोध निव्वळ आज्ञावलीवर आधारलेला म्हणून अपात्र ठरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणी २०१९ साली म्हटले आहे. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे : प्रतिसंच स्वामित्वशुल्क अल्प असते, संच महाग राहण्याचे कारण मागणीचा अभाव हे आहे. कारखानदारापुरते हे मान्य करावे लागेल. परंतु मुक्तस्रोत आज्ञावलीच्या प्रती कोण मोजणार? जी वस्तू हातोहात जावी म्हणूनच निर्माण झाली, तिला नगावर आकारलेले शुल्क, ते कितीही अल्प असो, प्रवेशबंदीसारखेच आहे.

विशेष म्हणजे भारत सरकारच्याच २०१० च्या ई-प्रशासनविषयक खुल्या मानकांच्या धोरणानुसार, अपवाद वगळता, मानकाच्या अंमलबजावणीस आवश्यक असलेली पेटंटे त्या मानकाच्या आयुष्यभर विनाशुल्क उपलब्ध असली पाहिजेत. ते धोरण नभोवाणीस लागू नाही. पण त्या कसोटीवर डीआरएमचा दस्तऐवज खुला ठरतो, ध्वनी ठरत नाही. एमपीथ्रीचा अनुज्ञा-कार्यक्रम २०१७ साली संपला, तो पेटंटांची मुदत सरल्यावर. 'ओपस' मात्र २०१२ साली प्रमाणित झाली तेव्हापासूनच विनाशुल्क आहे. मुदत सरण्याची वाट पाहणे हा एकमेव मार्ग नव्हे, हे यावरून दिसते. सार्वजनिक पैशाने प्रक्षेपक उभारताना, निदान मुक्तस्रोत ग्राहक-आज्ञावलींसाठी विनाशुल्क अनुज्ञेची अट घालणे हे खरेदीदाराचे कर्तव्य होते. नव्या करारांत ती अजूनही घालता येईल.

दरम्यान विद्यापीठांस एक वाट मोकळी आहे. पेटंट कायद्याच्या कलम ४७ नुसार प्रयोग, संशोधन व विद्यार्थ्यांचे शिक्षण यांपुरता पेटंटबद्ध शोधाचा उपयोग करण्यास मुभा आहे. गोंडवाना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असा ग्राहक-संच रचून अभ्यासता येईल. तोच संच भामरागडच्या बाजारात विकावयास नेला, तर मात्र परवाना विचारला जाईल. मानकास 'खुले' म्हणावे की नाही, याचा निर्णय या दुसऱ्या ठिकाणी व्हावयास हवा.