‘वडिलांचा व्यवसाय : शेती’ एवढं लिहून शिक्षक कळतो का?



शिक्षक हा विषय घेऊन पीएच.डी. करणारे आपल्याकडे भरपूर आहेत. शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, मराठी, कुठल्याही विभागाचे प्रबंध चाळा, ‘अमुक जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांच्या तमुकचा चिकित्सक अभ्यास’ असा एखादा तरी हाती लागतोच. त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात एक कोष्टक ठरलेलं असतं : वय, लिंग, प्रवर्ग, शैक्षणिक पात्रता, वडिलांचा व्यवसाय. व्यवसायापुढे चार पर्याय : शेती, मजुरी, नोकरी, इतर. खाली टक्केवारी, आणि टक्केवारीखाली एक वाक्य, की बहुसंख्य प्रतिसादक शेतकरी कुटुंबातील आहेत. झालं. शिक्षकाच्या घराण्याची चौकशी तिथंच संपते.

माझं काम जालना जिल्ह्यातल्या लहान गावांमधल्या शिक्षकांवर आहे. ते करताना हा रकाना मला फार अपुरा वाटत आलाय. या लेखात त्याची झडती घेऊ. त्यासाठी मराठीतली तीन पुस्तकं मदतीला घेतो : ‘बनगरवाडी’, ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ आणि ‘बारोमास’. तिन्हीपैकी जालन्यातलं एकही नाही, हे आधीच सांगतो. पण शिक्षक आणि त्याचं घर यांच्याकडे कसं बघावं, कसं बघू नये, हे या तिघांकडून शिकता येतं. त्यातल्या चुकांसकट.

एकाच जिल्ह्यात किती प्रकारची ‘शेती’?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आज तालुके आठ. आता ‘शेती’ हा एकच शब्द या आठही तालुक्यांना लावून बघा. अंबड, घनसावंगी, परतूर या पट्ट्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. कालव्याच्या पाण्यावर ऊस किंवा मोसंबी असलेलं घर आणि भोकरदन-जाफराबादकडचं दोन एकर कोरडवाहू घर, दोघांच्याही उत्तरात लिहिलं जातं ‘शेती’. एका घराला मुलाचं बी.एड. झेपतं. दुसऱ्या घरात त्याच बी.एड.साठी बैलजोडी जाते, किंवा धाकट्याची शाळा सुटते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरातही थोडी जमीन असतेच, म्हणजे तेही ‘शेती’च.

टक्केवारी काढताना ही तिन्ही घरं एका रकान्यात बसतात आणि आपण खाली ‘समान सामाजिक पार्श्वभूमी’ असं लिहून मोकळे होतो. खरं तर रकान्याने पार्श्वभूमी दाखवलेली नसते, झाकलेली असते.

‘बनगरवाडी’ : घराविना मास्तर

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरवाडीवर शाळा चालवायला येतो. शाळा ओस पडलेली. कारभाऱ्याच्या आधाराने तो पोरं गोळा करतो, लोकांची भांडणं मिटवतो, कागदपत्रं वाचून देतो, वाडीला तालीम बांधायला लावतो. पुढे दुष्काळ पडतो, वाडी मेंढरं घेऊन परागंदा होते, आणि मास्तरही निघतो.

कादंबरी मोठी आहे, त्यात वाद नाही. माझी तक्रार आहे ती तिच्यामुळे आपल्या डोक्यात बसलेल्या चित्राविषयी. वाडीतल्या माणसांची सुखदुःखं, नाती, अडीअडचणी बारकाईनं येतात. मास्तरचं स्वतःचं घर मात्र कादंबरीच्या कडेला राहतं. कादंबरीला ते चालतं, कारण तिचा नायक ती वाडी आहे. पण हेच चित्र आपण संशोधनात आणतो. मग शिक्षक म्हणजे बाहेरून गावात आलेला, गाव सुधारणारा, बदली झाली की जाणारा एकटा माणूस. त्याच्या पगाराकडे घरी कोण डोळे लावून बसलंय, त्याच्या शिक्षणाचा खर्च कुणी सोसला, त्याची मुलं कुठे शिकतायत, हे प्रश्न प्रश्नावलीत येतच नाहीत. ‘समाजपरिवर्तनात शिक्षकाची भूमिका’ या शीर्षकाचे प्रबंध वाचताना मला हा घराविना मास्तर वारंवार भेटतो.

‘चित्तरकथा’ : अख्खं घर घेऊन आलेली बाई

आता त्याच दुष्काळी मुलखातलं दुसरं पुस्तक. शांताबाई कांबळे यांचा जन्म १९२३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या महूदचा. ‘बनगरवाडी’चा माणदेश तिथून फार लांब नाही. महार कुटुंबात जन्मलेली ही मुलगी १९४२ साली शिक्षिका झाली, १९८१ साली निवृत्त झाली आणि त्यानंतर तिने आपलं आयुष्य लिहिलं. १९८६ साली ते पुस्तकरूपात आलं. दूरदर्शनवरची ‘नाजुका’ ही मालिका याच पुस्तकावरची. नाजा म्हणजे लहानपणीच्या शांताबाई.

इथे शिक्षिकेच्या मागे घर नुसतं उभं नाही, तर पुस्तकाचा मोठा भाग घरानेच भरलाय. आईवडिलांचे कष्ट, भूक, जातीमुळे सोसावं लागलेलं सगळं. नवराही शिक्षक. त्याने दुसरं लग्न केल्यावर ही बाई बाहेर पडते आणि उभी राहते ती नोकरीच्या जोरावर. कोष्टकाच्या भाषेत हे ‘विवाहित, पती नोकरी’ एवढंच झालं असतं. ‘पती नोकरी’ या दोन शब्दांवरून कुणालाही वाटेल की घरात दोन पगार, म्हणजे सुस्थिती. पुस्तक वाचलं की कळतं, तिच्यासाठी स्वतःचा पगार ही सुस्थितीची खूण नव्हती, घर मोडल्यावरचा एकमेव आधार होता.

आणखी एक गोष्ट. दलित पँथरचे नेते आणि कवी अरुण कांबळे हे याच जोडप्याचे चिरंजीव. म्हणजे शिक्षकाचं घर हे फक्त मुळाकडे बघायची गोष्ट नाही, पुढच्या पिढीच्या राजकारणाचं आणि साहित्याचं तेच मूळ असतं. आपण ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ म्हणताना फक्त मागे बघतो.

पुस्तकाची एक मर्यादा मला जाणवते. बालपण जितकं भरघोस येतं, तितकी नोकरीची जवळपास चाळीस वर्षं येत नाहीत. वर्गात काय घडलं, सहकारी शिक्षक कसे वागले, हे वाचायची भूक राहते. आत्मकथन साधन म्हणून वापरणाऱ्याने ही वजाबाकी लक्षात ठेवावी. लेखिकेला जे सांगायचं होतं ते तिने सांगितलं. आपल्याला हवं ते सगळं तिने सांगायला हवं होतं, असा हट्ट धरता येत नाही. पण तिने न सांगितलेलं घडलंच नाही, असंही धरून चालता येत नाही.

‘बारोमास’ : जो शिक्षक झालाच नाही

तिसरं पुस्तक जालन्याच्या सर्वांत जवळचं. सदानंद देशमुख बुलढाणा जिल्ह्यातले. जाफराबाद ओलांडलं की त्यांचा मुलूख लागतो, आणि शेतीची, बोलीची, लग्नकार्यांची बरीच रीत दोन्हीकडे सारखी. ‘बारोमास’ २००२ साली आली, २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नायक एकनाथ एम.ए., बी.एड. आहे, पण संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून नोकरी नाही, आणि शेती परवडत नाही. नोकरीवाला नवरा मिळेल या आशेने आलेली बायको, शेतात खपणारा बाप, गुप्तधनाच्या नादी लागणारा भाऊ. अख्खं घर एका न मिळालेल्या नोकरीभोवती फिरत राहतं.

संशोधनपद्धतीच्या दृष्टीने मला ही कादंबरी फार मोलाची वाटते. का, ते बघा. आपण नमुना निवडतो तो शाळांच्या यादीतून. यादीत असतात नोकरी लागलेले. एकनाथ आपल्या नमुन्यात कधीच येत नाही. मग आपण निष्कर्ष काढतो, की शिक्षणामुळे शेतकरी कुटुंबातील तरुणांची प्रगती झाली. ज्यांची झाली त्यांनाच विचारल्यावर दुसरं काय उत्तर येणार? एका घरातले दोन भाऊ डी.एड., बी.एड. झाले, एक लागला आणि एक शेतात राहिला, तर लागलेल्याची गोष्ट राहिलेल्याशिवाय पुरी होत नाही. निदान प्रत्येक शिक्षकाला एवढं तरी विचारा : तुमच्या घरात, भावकीत अजून कोण ही पदवी घेऊन बसलंय?

‘बारोमास’वर आक्षेप घ्यायचा तर एक घेता येईल. तिथे नोकरी म्हणजे दुःखाचा शेवट, असं सगळ्या पात्रांना वाटतं, आणि नोकरी लागलेल्याच्या घरात पुढे काय होतं हे बघायला कादंबरी जात नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, म्हणजे आधी तीन वर्षं मानधनावर. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. विनाअनुदानित शाळांतले शिक्षक वर्षानुवर्षं बिनपगारी, मग वीस टक्के, चाळीस टक्के करत अनुदानाची वाट बघत राहिले. या काळात त्यांना कुणी पोसलं? बहुतेक ठिकाणी घरच्याच शेतीने. म्हणजे ‘शेती’ हा वडिलांचा जुना व्यवसाय म्हणून भूतकाळात टाकायची गोष्ट नाही. शाळेत शिकवणाऱ्या माणसाचा खरा पगार तीच देत असते. १९८५ साली लागलेले गुरुजी घराला पैसे पाठवत होते, २०१० साली लागलेल्या सरांना घरून धान्य येतं. दोघांचा रकाना मात्र एकच.

वंशावळ : कचेरीने लिहिलेली मुळं

साहित्य बाजूला ठेवू. शिक्षकाच्या घराण्याची माहिती सर्वांत पद्धतशीर कुठे लिहिलेली असते? जात पडताळणीच्या फायलीत. राखीव जागेवर लागलेल्या प्रत्येकाला वंशावळ जोडावी लागते आणि जुना पुरावा द्यावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. बहुतेकदा हा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्या घराला आपली मुळं सिद्ध करणं जास्त जड जातं. आणि ही वंशावळ चालते फक्त बापाच्या बाजूने. आई, आजी, मावशी, ज्यांनी दागिने मोडून किंवा मजुरी करून शिकवलं, त्या कागदावर नसतात. लग्न झालेल्या शिक्षिकेला पुरावा माहेरचा आणि आडनाव सासरचं, ही कसरत वेगळीच.

मराठवाड्यात याला निजामशाहीचा आणखी एक पदर आहे. १९४८ पूर्वीची बरीच दप्तरं उर्दूत, काही मोडीत, आणि सन फसली. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे लक्षात ठेवा, उपयोगी पडेल. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा इतर दप्तरांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही उघडली गेली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण झालं, तेव्हा घरोघरी जाऊन माहिती भरणाऱ्यांत शिक्षक होतेच. जनगणना, मतदार यादी, सर्वेक्षण, गावातल्या प्रत्येक घराची माहिती हाच माणूस लिहितो. आपल्या प्रबंधात त्याच्या घराला मात्र एक ओळ मिळते.

मग विचारायचं काय?

कोष्टक टाकून द्या, असं मी म्हणत नाही. गाईडना आणि समितीला ते लागतं, आणि मोठा नमुना असेल तर त्याचा उपयोगही आहे. पण रकान्याच्या पुढे एवढं तरी जोडा :

– जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, आणि शिक्षणाच्या वर्षांत त्यातली काही विकली किंवा गहाण पडली का?

– तुमच्या शिक्षणासाठी घरातल्या कुणाचं शिक्षण थांबलं?

– नेमणुकीचं वर्ष कोणतं, आणि पहिला पूर्ण पगार कोणत्या वर्षी मिळाला?

– आज पैसा शाळेकडून घराकडे जातो की घराकडून तुमच्याकडे येतो?

– आईच्या बाजूचं कुणी शिकलेलं होतं का?

चौथा प्रश्न विचारताना जपून. पगार आणि कर्ज यावर माणूस पहिल्या भेटीत बोलत नाही, आणि शाळेच्या कार्यालयात, मुख्याध्यापकांसमोर तर नाहीच. घरी जा, वेळ द्या, आणि घरातल्या बाईंशीही बोला. जमिनीचा उतारा ऑनलाइन दिसतो म्हणून परस्पर काढू नका, विचारून घ्या.

लिहिताना नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असंही समजू नका. ‘मंठा तालुक्यातील एका अनुदानित शाळेतील गणिताच्या शिक्षिका’ असं लिहिलं, तर तालुक्यातले लोक दोन मिनिटांत नाव सांगतील. तालुका वगळा, विषय वगळा, गरज पडली तर दोन-तीन आयुष्यांतले तपशील एकत्र करून मांडा आणि तसं केल्याचं प्रबंधात स्पष्ट लिहा. ज्या माणसाने तुम्हाला भावाच्या सुटलेल्या शाळेबद्दल सांगितलं, त्याला उद्या त्याच भावासोबत पेरणी करायची असते.