गोष्टीतला ‘तरी’

आमच्या महाळुंगे पडवळला थोर गोष्ट बाहेरून आणावी लागत नाही. हुतात्मा बाबू गेनू येथलाच. १९०८ साली जन्मलेला हा गिरणीकामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत, काळबादेवीला, विलायती कापडाच्या लॉरीपुढे उभा ठाकला आणि तिच्याखाली चिरडला गेला. शाळेत कोणालाही विचारा. मुलगा हात बांधून ‘देशासाठी प्राणांची आहुती दिली’ असे एका दमात म्हणतो आणि बसतो. मला त्या वाक्यात ना लॉरी दिसते, ना बाबू.

एकदा चौथीतल्या एका मुलीला म्हटले, “पुस्तक मीट. आजीला सांगशील तशी सांग.” ती म्हणाली, “बाबू लारीम्होरं गेला. मंग आडवा झाला. मंग लारी आली. मंग मेला.” वर्ग हसला. लहानपणी ‘व्हता’ म्हणालो म्हणून एका गुरुजींनी मला खाली बसवले होते; पुढे दोन वर्षे मी वर्गात तोंड उघडले नाही. म्हणून तिला बसवले नाही. वर्गाला म्हटले, “हसू नका, विचारा.” एकाने विचारले, “त्याला लारी दिसत नव्हती व्हय?” मुलगी थबकली. “दिसत व्हती की! समदे ऊठ म्हनत व्हते, तरी उठला न्हाई.”

व्याकरणात ‘तरी’ हे एक अव्यय. पण बाबूचे सारे हौतात्म्य त्या दोन अक्षरांत आहे, आणि ‘प्राणांची आहुती’ला त्याची गरजच पडत नाही. ते मी शिकवले नव्हते. ऐकणाऱ्याला हवे होते म्हणून तिला सापडले. पुढे लॉरी कोण चालवीत होता यावर वाद झाला. सांगणाऱ्या मोठ्यांतही याबाबत एकवाक्यता नाही. त्या वादात ‘म्हणतात’, ‘असेल’, ‘कशावरून’ हे शब्द आपोआप आले.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’तही श्याम रात्री मित्रांना गोष्टी सांगतो, ऐकणारे समोर बसलेले असतात. आपण मात्र त्याच गोष्टींच्या पाठांतर-स्पर्धा भरवतो, आणि एक शब्द चुकला की गुण कापतो! घरीही दिवाळीला जमलेल्या पाहुण्यांत, मूल गोष्ट सांगू लागले की मध्येच दुरुस्ती करणारा एखादा मामा असतोच. त्याच्या तोंडात चकली द्यावी.

‘व्हता’चा ‘होता’ सावकाश होईल. लिहिताना मीच करून घेतो. यंदा १२ डिसेंबरच्या भाषणाला त्या मुलीचे नाव दिले आहे. भाषण लिहून देणार नाही, असे कळवल्यापासून तिचे वडील काळजीत आहेत.