ताराबाई शिंदे यांची ‘तुलना’ आणि स्तनच्छेदनोत्तर स्त्रीजीवन

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यास छापला गेला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस बालहत्येबद्दल झालेली शिक्षा हे त्याचे निमित्त होय. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशात आणला. स्त्रीपुरुषसमतेचा कैवार हे या निबंधाचे महत्त्व सर्वमान्य आहे; परंतु स्त्रीच्या देहावरील चिन्हांचा त्यातील विचारही तितकाच मोलाचा आहे. स्तनाच्या कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या स्त्रीचा अनुभव समजून घेताना त्याचा प्रत्यय येतो.

पतिनिधनानंतर स्त्रीचे केस काढावयाचे, तिचे अलंकार उतरवावयाचे, या रूढीवर ताराबाईंनी कठोर प्रहार केला. त्यांच्या युक्तिवादाचे सार असे, की दुःख ही एक गोष्ट आणि त्या दुःखाबद्दल समाजाने दिलेला निवाडा ही दुसरी. पहिले दैवाने येते. दुसरा माणसे लादतात.

आता स्तनच्छेदनानंतरची स्थिती पाहावी. रसायनोपचाराने केस गळतात, ते पुढे पुन्हा येतात. काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असल्यास त्या बाजूच्या हातास सूज येण्याचा संभव असतो. म्हणून त्या हातात घट्ट बांगड्या घालू नयेत, असे सांगितले जाते. म्हणजे ज्या उपचाराने प्राण वाचतात, त्याचीच चिन्हे वैधव्याच्या चिन्हांशी जुळतात. कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या वऱ्हाडातील स्त्रीला हाताची सूज ही मजुरीची अडचण आहे. रिकामे मनगट मात्र तिला लोकांच्या नजरेत अपशकुनी ठरवू शकते. व्यथा आणि निवाडा यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांच्यावर १९७८ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. १९८० मधील ‘द कॅन्सर जर्नल्स’ या ग्रंथात त्यांनी कृत्रिम स्तन नाकारण्याची आपली भूमिका मांडली. तो न लावता दवाखान्यात गेल्यावर परिचारिकेने इतरांच्या मनोधैर्याचे कारण सांगून त्यांना टोकले, हा त्यातील प्रसंग मार्मिक आहे. रुग्णाची सोय नव्हे, तर पाहणाऱ्याची सोय तेथे प्रमाण मानली गेली.

तथापि लॉर्ड यांची भूमिका सर्वत्र आदर्श म्हणून लावणे युक्त नव्हे. चोळीत कापडाची घडी ठेवून शेतावर जाणारी स्त्री भित्री ठरत नाही. झाकावे की झाकू नये, हा प्रश्न गौण होय. तो निर्णय कोणाचा, हा मुख्य. ताराबाईंच्या निबंधात या व्याधीचा विचार नाही, ही मर्यादा मान्य करावीच लागते. परंतु स्त्रीच्या देहाविषयी निवाडा देण्याचा इतरांचा अधिकारच त्यांनी तपासून पाहिला. अशा आत्मकथनांच्या समीक्षेने केवळ धैर्याची प्रशंसा करून न थांबता हाच अधिकार तपासला पाहिजे.