कबुलीचे गाणे : एम. सी. स्टॅन यांच्या रॅपगीतांतील प्रामाणिकपणाची चिकित्सा

बीजसंज्ञा : रॅप, शाहिरी, कबुली, वस्तीची बोली, तडीपारी.

प्रस्तावना :

नृसिंहवाडी येथे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील दत्तमंदिरात पालखीच्या वेळी करुणात्रिपदी म्हटली जाते. श्रीवासुदेवानंद सरस्वती तथा टेंबेस्वामी (१८५४-१९१४) यांच्या या तीन पदांत भक्त आपला अपराध नाकारीत नाही. दंड यथायोग्य आहे हे मान्य करूनच तो करुणेची याचना करतो. भक्तिभाव क्षणभर बाजूस ठेवून केवळ रचनेकडे पाहिले, तर गाणाऱ्याला प्रथम स्वतःवर आरोप ठेवावा लागतो आणि त्यानंतरच मागणे मागण्याचा अधिकार प्राप्त होतो, असे दिसून येते. तुकोबांच्या आत्मपर अभंगांतही हीच रीत आढळते. कबुलीवर उभे राहिलेले गाणे मराठी श्रोत्याला अपरिचित नाही.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, २०१९ मध्ये पुण्यातील एका विशीच्या उंबरठ्यावरील तरुणाने 'अस्तगफिरुल्लाह' या नावाचे रॅपगीत प्रसिद्ध केले. या अरबी शब्दाचा अर्थ 'मी अल्लाहकडे क्षमा मागतो' असा होतो. धर्म, भाषा, वाद्ये सारेच भिन्न. एका रचनेचा दुसरीवर प्रभाव पडला असे सुचविण्याचाही येथे हेतू नाही. मात्र रॅपमधील प्रामाणिकपणा म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार करताना ही तुलना उपयुक्त ठरते.

ताडीवाला रोड ते 'तडीपार' :

एम. सी. स्टॅन या नावाने ओळखले जाणारे अल्ताफ शेख यांचा जन्म १९९९ मधील. पुणे रेल्वे स्थानकालगतच्या ताडीवाला रोड परिसरातील वस्तीत त्यांची जडणघडण झाली. शालेय वयात ते कव्वाली गात असत. पुढे 'वाटा' या गीतामुळे त्यांचे नाव तरुणांत पसरले. मुंबईचे रॅपर एमिवे बंटाई यांच्याशी त्यांचा जो गाण्यांतून सामना झाला, तोही याच काळातला. प्रतिस्पर्ध्याला गाण्यातूनच उत्तर देण्याच्या या प्रथेचे नवल वाटण्याचे कारण नाही. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या महाराष्ट्राला तिची ओळख पटावी.

२०२० मध्ये त्यांचा 'तडीपार' हा गीतसंग्रह आला. या शीर्षकाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ प्रमाणे एखाद्या व्यक्तीस ठरावीक हद्दीबाहेर घालविता येते, आणि कलम ५८ प्रमाणे ही मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. मराठी बोलीत या कारवाईला 'तडीपारी' म्हणतात. ज्या वस्तीत हा शब्द पोलिसांच्या तोंडून ऐकू येतो, तेथे तो शिवीसारखाही वापरला जातो आणि मिरवलाही जातो. कवीने तो आपल्या नावावर घेतला. शिवाय 'ताडीवाला' आणि 'तडीपार' यांतील नादसाम्य कानाला जाणवल्यावाचून राहत नाही. शासनाच्या कागदावरील शब्द उचलून त्याला स्वतःची ओळख बनविणे, ही साधी कृती नव्हे.

'गली बॉय' (२०१९) या झोया अख्तर दिग्दर्शित चित्रपटाने रॅपरच्या उदयाची एक सुबक कथा लोकप्रिय केली. त्यामागे नेझी (नावेद शेख) आणि डिव्हाइन (व्हिव्हियन फर्नांडिस) या मुंबईच्या कलावंतांची प्रेरणा होती. नेझी यांचे 'आफत' २०१४ चे, तर दोघांचे 'मेरे गली में' २०१५ चे. चित्रपटातील नायक गरीब आहे. जगाने त्याच्यावर अन्याय केला असल्याने प्रेक्षकाची सहानुभूती त्याला सहज मिळते. स्टॅन यांच्या गीतांतील 'मी' इतका सोयीचा नाही. तो भांडखोर आहे, अनेकदा उद्दाम आहे, आणि आपल्या हातून काही वाईट घडले आहे हे तो जाणतो. 'अस्तगफिरुल्लाह'चे बळ येथे आहे. संघर्षाची कहाणी सांगणारे रॅपर अनेक. स्वतःला आरोपीच्या जागी उभे करणारे थोडे.

बोली आणि यंत्र :

त्यांच्या गीतांची भाषा ढोबळमानाने हिंदी म्हटली जाते. प्रत्यक्षात ती पुण्याच्या वस्त्यांतील दखनी वळणाची, मराठी शब्दांनी भरलेली बोली होय. 'शेमडी' हा त्यांच्या तोंडचा शब्द देशभर पसरला. त्याच्या मुळाशी मराठीतील 'शेंबडी' आहे, हे सांगण्याची गरज आपल्याकडे नाही. ही बोली त्यांनी प्रमाण हिंदीकडे झुकू दिली नाही. येथील प्रामाणिकपणा आशयापेक्षा उच्चारात अधिक आहे.

मग ऑटोट्यूनचे काय? यंत्राने सूर वाकविलेल्या आवाजाला अस्सल म्हणावे कसे, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. 'एक दिन प्यार' ऐकताना तो पटत नाही. तेथे यंत्र आवाज सुधारीत नाही, तर त्याला थोडे दूर नेते. जे थेट बोलता येत नाही ते या अंतरावरून बोलता येते. संगीतरचना स्वतःच करण्याची त्यांची पद्धत लक्षात घेता हा निर्णय कवीचाच मानावा लागतो.

यशानंतर :

२०२२ मध्ये 'इन्सान' हा संग्रह आला आणि १२ फेब्रुवारी २०२३ रोजी 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वाचे विजेतेपद त्यांना मिळाले. गळ्यातील साखळ्या आणि महागडे बूट यांचीच चर्चा त्या काळात अधिक झाली. अमेरिकेतील हिप-हॉपमध्ये दागिना हा दारिद्र्यावरील विजयाचा पुरावा मानला जातो, हे खरे. परंतु पुरावा दाखविणे आणि कबुली देणे यांत फरक आहे. पुराव्याला समोर प्रेक्षक लागतो, तर कबुलीला ऐकून घेणारा. यशानंतरच्या गीतांत पहिल्याचे प्रमाण वाढले, हा त्यांचा खरा तोटा होय.

त्याच सुमारास मराठीत वेगळी वाटही दिसते. 'स्वदेसी' समूहातील एम. सी. मवाली यांनी 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) मध्ये आरे येथील आदिवासी प्रकाश भोईर यांना सोबत घेतले. तेथे 'मी'च्या जागी 'आम्ही' आहे आणि प्रश्न जमिनीचा आहे. ही गीते अधिक निर्दोष आहेत, पण स्टॅन यांच्या गीतांतील अस्वस्थता त्यांत नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र स्त्रीविषयक भाषेची आहे. स्त्रीला हिणविणारे शब्द या गीतांत वारंवार येतात आणि 'वस्तीत असेच बोलतात' हे त्याचे समर्थन केले जाते. ते अपुरे आहे. सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६-१९४५) यांनी कुलकर्णीपण सोडून तमाशाचा फड धरला. त्यांच्या लावण्याही सोवळ्या नव्हत्या. परंतु त्या लावणीत स्त्री स्वतः बोलते, मागते, टोमणा मारते, पुरुषाला खजील करते. आणि पवळाबाईंसारखी कलावती ती फडावर उभी राहून गात असे. स्टॅन यांच्या गीतांतील स्त्रीला एकही ओळ मिळत नाही. 'अस्तगफिरुल्लाह'मध्ये क्षमा ईश्वराकडे मागितली आहे. जिच्याविषयी इतर गीतांतून इतके बोलले गेले, तिच्याकडे ती अद्याप मागितलेली नाही.