प्रवासवर्णनातील मूल

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकाला नवा नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून प्रसिद्ध झाला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) सुनीताबाई सोबत आहेत, त्यामुळे पतिपत्नींच्या सहप्रवासाचे रंगही आपल्या परिचयाचे आहेत. तथापि आपल्या प्रवासवर्णनांत एक पात्र अभावानेच भेटते, ते म्हणजे मूल. लेखक दूरच्या वाटेला लागतो तेव्हा मूल बहुधा आजी-आजोबांकडे राहते. खडतर प्रवास प्रौढांचा आणि मुलांच्या वाट्याला सहल, अशी आपण विभागणी करून ठेवली आहे.

ही विभागणी मोडणारी काही पुस्तके इंग्रजीत आहेत. ती केवळ नवलाची म्हणून वाचली जाऊ नयेत असे आम्हांस वाटते. मुलांना बरोबर घेऊन केलेल्या प्रवासाचे लेखन आपण कोणत्या निकषावर पारखावे, हा या लेखाचा विषय आहे. अंतर, उंची, ओलांडलेल्या सीमा यांची मोजदाद हा तो निकष नव्हे. मुलाच्या सोबतीने लेखकाची चाल बदलली का, आणि जो बदल झाला तो त्याने प्रामाणिकपणे नोंदविला का, हे पाहिले पाहिजे.

आयरिश लेखिका डर्व्हला मर्फी (१९३१–२०२२) यांचे नाव येथे प्रथम घ्यावे लागते. आयर्लंडमधील लिस्मोर हे त्यांचे गाव. आजारी आईच्या शुश्रूषेत तारुण्याची अनेक वर्षे घालविल्यानंतर १९६३ साली त्या सायकलवरून एकट्याच भारतात आल्या. १९६८ साली त्यांना मुलगी झाली. रेचल हे तिचे नाव. या घरात पती नाही. मुलीचे संगोपन मर्फी यांनी एकटीने केले. मूल लहान असेपर्यंत त्यांनी दूरचे प्रवास थांबविले, आणि रेचल पाच वर्षांची होत आली तेव्हा १९७३ च्या अखेरीस तिला घेऊन त्या मुंबईत उतरल्या. तेथून गोव्यामार्गे दक्षिणेकडे झालेला त्यांचा प्रवास ‘ऑन अ शूस्ट्रिंग टू कूर्ग’ (१९७६) या पुस्तकात आला आहे.

या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की, त्यातला मोठा भाग प्रवासाचा नसून मुक्कामाचा आहे. कूर्गमधील विराजपेठजवळच्या एका खेड्यात मायलेकी सुमारे दोन महिने राहिल्या. एकट्या मर्फी असत्या तर कदाचित पुढचा डोंगर चढून गेल्या असत्या. परंतु पाच वर्षांच्या मुलीला देवळांच्या शिल्पापेक्षा मुंगीची रांग अधिक मोलाची वाटते, आणि त्या रांगेला वेळ द्यावा लागतो. शेजारच्या अंगणात खेळावयास गेलेल्या मुलीमागे आईही त्या घरात प्रवेश करते. मुलाची उपस्थिती म्हणजे गावकऱ्यांच्या सद्भावनेवर प्रवाशाने टाकलेला विश्वास होय, असे मत मर्फी यांनी पुढे मांडले. त्या मताचे मूळ या मुक्कामात शोधावे लागते.

दुसरे पुस्तक ‘व्हेअर द इंडस इज यंग’ (१९७७) हे याहून कठोर आहे. १९७४-७५ च्या हिवाळ्यात मायलेकींनी काराकोरम पर्वतातील बाल्टिस्तानात काही महिने काढले. रेचल सहा वर्षांची, एका तट्टावर बसलेली, आई पायी. सिंधू नदीच्या दरीतील अरुंद वाटा, गोठविणारी थंडी, अन्नाची टंचाई. लेखन रोजनिशीच्या स्वरूपाचे असल्यामुळे मागाहून दिलेला मुलामा त्याला फारसा नाही. मुलीची अखंड बडबड आणि न संपणारे प्रश्न पर्वतातील एकांताला छेद देतात, हे आई मोकळेपणाने लिहिते. आपल्या मनाची ही कुरकुर लपविली असती तर आईची प्रतिमा अधिक गोंडस झाली असती. पुस्तक मात्र खोटे झाले असते.

याच पुस्तकाविषयी आमचा एक गंभीर आक्षेपही आहे. मर्फी यांना खडतरपणाचा आनंद होता, आणि त्या आनंदात मुलीलाही वाटा आहे असे त्या गृहीत धरतात. मुलगी धीट होती, तक्रारखोर नव्हती, हे खरे असेल. परंतु सहा वर्षांच्या मुलीने दिलेला होकार हा विचारपूर्वक दिलेला होकार नसतो. तो आईवरील विश्वास असतो. तो विश्वास कड्याच्या काठावर किती ताणावा, हा प्रश्न वाचकाच्या मनात वारंवार उभा राहतो. लेखिकेने त्या प्रश्नापाशी अधिक थांबावयास हवे होते. मायलेकी सुखरूप परतल्या एवढ्याने त्याचे उत्तर मिळत नाही.

‘एट फीट इन द अँडीज’ (१९८३) हे आमच्या मते या लेखनातील सर्वांत परिपक्व पुस्तक. १९७८ साली पेरू देशात काहामार्कापासून कुस्कोपर्यंत सुमारे तेराशे मैलांची वाट या दोघींनी हुआना नावाच्या खेचरीसह पार केली. शीर्षकातील आठ पाय हे खेचरीचे चार आणि मायलेकींचे चार. या साध्या बेरजेत पुस्तकाची दृष्टी सामावली आहे: कोणाचेही पाय येथे दुय्यम नाहीत. चार हजार मीटरहून उंच खिंडी ओलांडताना मुक्काम कोठे करावयाचा हे पुष्कळदा खेचरीच्या चाऱ्यावरून ठरते. नऊ वर्षांची रेचल आता नुसती बसून नेली जाणारी स्वार नाही. ती चालते, पाहते, आईशी वाद घालते. बाल्टिस्तानच्या पुस्तकात जी मुलगी आईच्या प्रवासात होती, ती येथे स्वतःच्या प्रवासात आहे.

आता पती, पत्नी आणि मुले असे पूर्ण कुटुंब वाटेवर असलेले उदाहरण घेऊ. अर्जेंटिनाचे हर्मन आणि कांदेलारिया झाप हे दांपत्य जानेवारी २००० मध्ये ब्युनोस आयरेसहून अलास्काकडे निघाले. वाहन होते १९२८ सालची ग्रॅहॅम-पेज मोटार. पैसे लवकरच संपले, तेव्हा कांदेलारियाने पक्ष्यांची चित्रे काढली, हर्मनने त्यांना चौकटी केल्या आणि ती विकून त्यांनी वाट धरली. पहिला मुलगा २००२ साली अमेरिकेत जन्मला. पुढची तीन मुले अर्जेंटिना, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथे झाली. मुलांना सामावून घेण्यासाठी मोटार कापून लांब करावी लागली. मार्च २००२ नव्हे, तर थेट मार्च २०२२ मध्ये हा प्रवास संपला तेव्हा १०२ देश आणि सुमारे ३ लाख ६२ हजार किलोमीटर मागे पडले होते, आणि धाकटा मुलगा १२ वर्षांचा झाला होता.

अलास्कापर्यंतच्या पहिल्या टप्प्यावर त्यांनी ‘स्पार्क युवर ड्रीम’ हे पुस्तक लिहिले. पुढील प्रवासाचा खर्च बराचसा त्याच्या विक्रीवर चालला. आपले स्वप्न चेतवा, असे त्याचे शीर्षकच सांगते, आणि पुस्तकाचा सूरही उपदेशाकडे झुकतो. त्यातील सर्वांत टिकाऊ भाग मात्र स्वप्नाचा नाही, पाहुणचाराचा आहे. ताशी ५०-६० किलोमीटरने धावणारी जुनी मोटार जेथे बंद पडे तेथे कोणी अनोळखी माणूस दार उघडे. या कुटुंबाने वाटेत शेकडो घरांत मुक्काम केला. स्वतःच्या जिद्दीने जग जिंकता येते असे पुस्तक सांगू पाहते. प्रत्यक्षात ते परक्यांच्या चुलीवर शिजलेल्या अन्नाची कथा सांगते. ही दुसरी कथा अधिक खरी आहे.

आणि मुले? स्वप्न आईवडिलांनी पाहिले. मुले त्या स्वप्नात जन्मली. त्यांचे घर चाकांवर होते, शिक्षण बव्हंशी आईकडून आणि दूरस्थ पद्धतीने झाले. जगाचा असा परिचय फार थोड्या मुलांना होतो. परंतु एकाच गल्लीत वाढण्याचे, एकाच बाकावर मित्रासोबत वर्षानुवर्षे बसण्याचे जे शिक्षण असते, त्याची भरपाई देशांच्या संख्येने होते का? स्वप्नाचा पुरस्कार करणाऱ्या लेखनाने हा हिशेब मांडला पाहिजे. मर्फी निदान स्वतःची चिडचिड आणि थकवा लिहून त्या हिशेबाची एक बाजू उघडी ठेवतात. स्फूर्ती देण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात ती बाजू झाकली जाण्याचा धोका मोठा असतो.

या सर्व पुस्तकांत लेखणी पालकांच्या हातात आहे, ही त्यांची मर्यादा विसरता येत नाही. मुलाचा निवाडा उशिरा येतो. मर्फी यांच्या बाबतीत तो शब्दांतून नव्हे, कृतीतून आला असे म्हणता येईल. २००५ साली रेचल आपल्या तीन मुलींना घेऊन आईसोबत क्यूबाला गेली. त्या तीन पिढ्यांच्या प्रवासातून ‘द आयलंड दॅट डेअर्ड’ (२००८) या पुस्तकाचा आरंभ होतो. जी वाट आपल्यावर लादली गेली असे वाटते, त्या वाटेवर कोणी आपल्या मुलींना सहसा नेत नाही. बाल्टिस्तानविषयीचा आमचा आक्षेप यामुळे पुसला जात नाही. पण त्याची धार बोथट होते, हे मान्य केले पाहिजे.

मुलांना घेऊन मोटारीने लडाखपर्यंत जाणारी तरुण कुटुंबे आज आपल्याकडेही दिसतात. आमच्या धर्मग्रामातील एका जोडप्याने तर मुलांना वर्षभर शाळेतून काढून देश पाहावयास न्यावे का, असे आम्हांस विचारले. अशा कुटुंबांनी झाप यांचे पुस्तक उत्साहासाठी जरूर वाचावे, परंतु निर्णयापूर्वी मर्फी यांची तिन्ही पुस्तके क्रमाने वाचावीत. पाच वर्षांच्या मुलीसाठी आई थांबली, सहाव्या वर्षी पुरेशी थांबली नाही, नवव्या वर्षी तिच्या बरोबरीने चालली. मूल किती अंतर सोसू शकेल हे नकाशा सांगत नाही. दिवसाच्या अखेरीस ते काय बोलते आणि केव्हा गप्प होते, हे ऐकण्याची तयारी असेल तरच त्या कुटुंबाने निघावे.